ओलं पोतं

सासूच्या खुर्चीला हात लावायचा नसतो, एवढं वळण तरी मिरजेच्या माहेरानं लावून पाठवायला हवं होतं. ऋतुजानं हात लावला होता. नुसता लावला असता तर हौसाक्कांनी एखाद्या वेळी पोटात घातलंही असतं. पण या बाईनं ती खुर्ची कंट्रोल रूममधून उचलून व्हरांड्यात नेली, तिच्यावर पुठ्ठ्याची तीन खोकी रचली आणि जाब विचारल्यावर वर हसली.

"आत जागाच नव्हती हो, आत्याबाई. खोकी रिकामी झाली की देते परत."

"माझीच खुर्ची मला परत देणार व्हय तू? लई उपकार झाले."

ती खुर्ची साधी नव्हती. हौसाक्कांचे मालक, दत्तोबा चौगुले, यांनी गडहिंग्लजात टीव्हीच्या केबलचा धंदा काढला तेव्हा पहिल्या महिन्यात घेतलेली ती सागवानी खुर्ची. दत्तोबा डिशच्या छत्रीखाली बसून तारा जोडायचे आणि हौसाक्का पदर खोचून, केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून या गच्चीवरून त्या गच्चीवर जायच्या. पुढं दत्तोबा गेले. केबलचं इंटरनेट झालं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड मिळून एकशेचाळीस गावं 'चौगुले नेटवर्क'वर बोलू लागली. चौथी नापास बाईनं ही कंपनी त्या खुर्चीवर बसून उभी केली होती. कॉम्प्युटरवरचं अक्षर त्यांना लागत नसे, पण कोणत्या खांबावर कावळ्यानं घरटं केलंय हे डोळे मिटून सांगत. सत्तरीला त्यांनी कारभार मुलाकडं, शहाजीकडं दिला. खुर्ची दिली नाही. रोज सकाळी दहाला त्या येऊन खुर्चीवर बसायच्या आणि एकशेचाळीस गावांचा मालक शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर.

दोन हजार एक्केचाळीसच्या श्रावणात शहाजीनं जाहीर केलं, की पुरे झालं, आता तो चंदगडच्या जंगलाकडेला मधमाश्या पाळणार.

हौसाक्कांना आतून बरंच वाटलं. शहाजी उठला की पुन्हा आपण. चौऱ्याहत्तर म्हणजे काही वय नव्हे. त्यांनी नवीन नऊवार काढून ठेवली. आणि नवा प्रमुख ठरवायच्या बैठकीच्या दिवशी सुनेनं उभं राहून सांगितलं, की कंपनीला आता कायमचा प्रमुख नकोच.

"नको म्हणजे?" हौसाक्का म्हणाल्या.

"कंट्रोल रूम बंद करायची, आत्याबाई. टॉवर उतरवायचे, केबल गुंडाळायची. आपण फक्त पाट्या बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. जाळं गावांनी स्वतःचं स्वतः चालवायचं. आणि कंपनीचा कारभार पाच जणांनी पाळीनं, सहा-सहा महिने."

"बिनडोक्याची कंपनी!" हौसाक्का मुलाकडं वळल्या. "शहाज्या, तुझ्या मधमाश्यांना राणी लागती का न्हाई?"

"लागती की."

"मग माश्यांना राणी, आणि माझ्या कंपनीला न्हाई?"

"आई, राणी कुणाला हुकूम सोडत नाही," शहाजी सांभाळून म्हणाला. "ती अंडी घालती. फुलं कुठं आहेत ते माश्या आपापल्यात नाचून ठरवतात."

"मग जा, नाच जा."

सगळे हसले. ऋतुजाही हसली आणि तिनं एक पाटी टेबलावर ठेवली. शाळेतल्या पाटीएवढीच, राखाडी, मागं चार बोटांची डबी आणि कोपऱ्यात मसुराएवढा दिवा. ही पाटी ऋतुजानं दुरुस्ती खात्यातल्या दोन पोरींना घेऊन चार वर्षं खपून केली होती. तिनं ती सासूला समजेल अशी सांगितली, आणि हे मात्र हौसाक्कांना मानावं लागलं, की सांगायची हातोटी तिला होती.

लहानपणी आरशानं उन्हाचा कवडसा अंधाऱ्या खोलीत पाडतो, तशी ही पाटी. हिच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे हजारो बारीक आरसे आहेत. फरक इतकाच, की ते उजेड वळवत नाहीत, फोनच्या लहरी वळवतात. कुठला आरसा किती कलायचा ते पाटी क्षणाक्षणाला स्वतः ठरवते. डोंगर आडवा आला तर शेजारच्या भिंतीवरच्या पाटीकडं फेकते, ती पुढच्या. तार लागत नाही, टॉवर लागत नाही.

"आणि कुठली लहर कुठं जायची, ते कोण सांगणार? तू?"

"कुणीच नाही. पाट्या एकमेकींना विचारत राहतात, तुला कोण कोण ऐकू येतंय? जिला सगळ्यांत जास्त पाट्या ऐकू येतात ती तेवढ्यापुरती प्रमुख. सगळ्या वाटांचा हिशोब ती ठेवते. काम करून करून ती तापते. पन्नास अंशांवर गेली की आपण होऊन पद सोडते आणि बाकीच्या दुसरी निवडतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

हौसाक्कांनी पाटी उलटीपालटी करून बघितली. कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर त्यांच्या नावावर होते. त्यांची सही झाल्याशिवाय इथला एक खिळाही बदलत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "गौरी जेवायच्या दिवसापर्यंत आठ दिवस होतात. आठ दिवस एकशेचाळीस गावं तुझ्या पाट्यांवर चालव. कंट्रोल रूममधनं कुणी हात लावायचा न्हाई. तू बी न्हाई. चाललं, तर मी सही करीन. अडलं, तर खुर्ची आत येणार आणि खुर्चीवर मी बसणार. जन्मभर."

"कबूल," ऋतुजा म्हणाली. एवढ्या झटक्यात म्हणाली, की हौसाक्कांना राग आला.

*

पहिल्या दिवशी सकाळी दस्तगीरनं हौसाक्कांच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाटी लावली. दस्तगीर कंपनीचा सगळ्यांत जुना लाइनमन. चाळीस वर्षं हौसाक्कांची बोलणी खाऊन त्याच्या अंगाला ती मानवली होती.

"आक्का, हिच्यासमोर ओलं धुणं वाळत घालू नका. पाणी लहरी पिऊन टाकतं."

"घालत न्हाई. आणि हा दिवा कसला?"

"हिरवा असला तर पाटी नुसती कामाला आहे. केशरी झाला तर ती प्रमुख."

तो शिडी उतरतोय तोवर दिवा केशरी झाला.

हौसाक्का दिव्याकडं बघतच राहिल्या. कारण सरळ होतं. घर उंचवट्यावर, तिथून तिन्ही बाजूंची रानं मोकळी दिसत, त्यामुळं सगळ्यांत जास्त पाट्या याच भिंतीला ऐकू यायच्या. दस्तगीरनं तसं सांगितलंही. पण ते ऐकायला हौसाक्का जागेवर नव्हत्या. त्या हळदीकुंकवाची कोयरी आणायला आत गेल्या होत्या.

"बघितलंस?" पाटीला बोट लावत त्या म्हणाल्या. "एकशेचाळीस गावांतनं यंत्रानं बरोबर घर धरलं. यंत्राला कळतं, माणसाला कळत न्हाई."

गल्लीतल्या चार बायकांना बोलावून त्यांनी दिवा दाखवला. चहा झाला. आणि दुपारी एकच्या सुमारास, पाचवीला पाटी दाखवत असताना, दिवा हिरवा झाला.

हौसाक्कांनी दस्तगीरला फोन लावला. "कोण झालं आता?"

"घाटावरच्या दूध डेअरीची भिंत दिसतीय, आक्का. तुमची तापली."

"म्हशींच्या भिंतीनं मला उठवलं?"

"उठवलं नाही हो. तुमची पाटी आपण होऊन उठली."

हौसाक्का जन्मात आपण होऊन कुठून उठल्या नव्हत्या. त्यांनी पाटीवर हात ठेवला. चांगलीच चटका देत होती. वरून भाद्रपदातलं उघडीप दिल्यावरचं ऊन.  त्या स्वयंपाकघरातल्या माठाकडं गेल्या.

माठातलं पाणी का गार होतं ते त्यांना कुठल्या मास्तरानं शिकवलं नव्हतं. पण माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं, आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं, हे त्या सत्तर वर्षं बघत होत्या. बाजारात कोथिंबिरीवर ओलं पोतं घालतात ते त्याचसाठी. समोर ओलं लावायचं नाही म्हणाला ना दस्तगीर? समोर नाहीच लावायचं. पाटी आणि भिंत यांच्यात चार बोटं फट होती. त्यांनी गोणपाटाचा तुकडा फाडला, भिजवला आणि बरोबर त्या फटीत, डबीच्या पाठीला बसवला.

अर्ध्या तासात दिवा केशरी झाला. संध्याकाळी केशरी. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता केशरी. हौसाक्का दर दोन तासांनी तांब्याभर पाणी ओतत आणि पदराला हात पुसत बाहेर येत. ज्या कंट्रोल रूमला त्यांची सून टाळं लावायला निघाली होती, ती आता त्यांच्या न्हाणीघरामागच्या भिंतीवर होती.

तिसऱ्या दिवशी दस्तगीर आला. "आक्का, हे पोतं कशाला?"

"ऊन लागतंय तिला."

दस्तगीरनं पोत्याकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, आणि चहा मागितला.

चौथा, पाचवा, सहावा दिवस गेला. जाळं चाललं होतं. चंदगडच्या पार टोकाच्या वाडीतली माणसं, जिथं टॉवरचा आवाज कधी नीट पोचला नव्हता, ती मुंबईतल्या पोरांशी तोंड बघून बोलू लागली. त्यांचे फोन ऋतुजाला यायचे आणि ती आनंदानं सगळ्यांना सांगायची. हौसाक्का मान हलवायच्या. त्यांना वाटायचं, चालणारच की, प्रमुख कोण आहे?

*

आठव्या दिवशी गौरी जेवल्या. संध्याकाळी पाचला मुदत संपायची होती, आणि चार वाजता खरी परीक्षा होती. ती ऋतुजानंच मागून घेतली होती. एकशेचाळीस गावांतल्या बायका आपापल्या गावात फेर धरणार आणि सगळ्या मिळून एकच झिम्मा खेळणार. कंपनीच्या अंगणात शंभरेक बायका गजरे माळून जमल्या होत्या. समोरच्या भिंतीवर भला मोठा पडदा, त्यावर चौकटी चौकटींत बाकीची गावं. नऊवारी, पाचवारी, शाळेचा गणवेश, एका चौकटीत तर रोपवाटिकेतल्या पोरी हातमोज्यांसकट. झिम्म्याचं सगळं टाळीवर. टाळी एका क्षणाला पडली तर खेळ, नाहीतर नुसता गोंधळ.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला आजऱ्याकडची टाळी उशिरा आली. मग चंदगडची. गडहिंग्लजच्या बायका वाकल्या तेव्हा तिकडच्या अजून उभ्याच. कुणी थांबलं, कुणी घाईनं पुढं गेलं, आणि बघता बघता अंगणात पावसाच्या सरीत पत्र्यावर गारा पडाव्यात तशा कशाही टाळ्या पडू लागल्या. बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या, पण ते हसणं ओशाळवाणं होतं.

ऋतुजा पडद्याशेजारी उभी होती. हाताची घडी घातलेली, तोंड उतरलेलं. यंत्राला हात लावायचा नाही, असा शब्द होता. तिनं लावला नाही.

"काय झालं रं?" हौसाक्कांनी दस्तगीरला कोपऱ्यात घेतलं.

"आक्का, एरवी निम्मी गावं गप्प असतात. आज सगळी एकदम बोलतायत. प्रत्येक पाटी विचारतीय, माझी लहर कुठल्या वाटेनं धाडू? आणि सगळ्या एकाच दारात विचारतायत. प्रमुख बदलत राहिली असती तर वाटा बऱ्याच जणींना ठाऊक झाल्या असत्या, आणि जिला जी जवळ तिला विचारून कामं वाटली गेली असती." तो खाली बघून पुढं म्हणाला, "आठ दिवस एकच प्रमुख आहे. तापतच नाही ती."

एवढं बोलून तो पडद्याकडं वळला. 

हौसाक्का उभ्या होत्या तिथून व्हरांडा दिसत होता. खोकी रिकामी झाली होती आणि खुर्ची मोकळी होती. साडेचार वाजले होते. अजून अर्धा तास. काहीही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, टाळ्या चुकू द्यायच्या, आणि पाच वाजता जाऊन बसायचं. जन्मभर. पोत्याचं दस्तगीर बोलणार नाही. रात्री पोतं चुलीत घातलं की कुणाला कळणारही नाही.

त्यांना एकाएकी त्यांच्या माहेरचं अंगण आठवलं. झिम्म्यात हौसाक्का पुढं असायच्या. आवाज खणखणीत. पण गाणं लांबलं की दम लागायचा, आणि मग मागची सुगंधा न सांगता कडवं उचलायची. हौसाक्का मागं जाऊन नुसती टाळी द्यायच्या, दम खायच्या आणि पुन्हा वेळ आली की पुढं. कुणी कुणाला उठवत नव्हतं. एकदा मात्र त्यांनी हट्टानं सोडलं नव्हतं, घसा बसला तरी ओढत राहिल्या होत्या. तेव्हा खेळ असाच मोडला होता. अगदी असाच.

आणि दुसरं म्हणजे, म्हशींच्या भिंतीकडून हरणं एक वेळ परवडलं. पोत्याच्या जोरावर जिंकून खुर्चीवर बसायचं, हे हौसा चौगुलेला शोभणारं नव्हतं.

त्या निघाल्या. घर मागच्याच गल्लीत होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या जवळजवळ पळतच गेल्या. भिंतीवर दिवा केशरी, अगदी ताठ. फटीतलं पोतं त्यांनी ओढून काढलं. मग पदरानं डबी कोरडी पुसली. मावळतीकडचं ऊन नेमकं पाटीवर होतं. त्यांनी तळहात टेकवला. कोमट. मग गरम. मग हात ठेववेना.

"लई राबलीस," त्या पाटीला म्हणाल्या. "ऊठ आता."

दिवा हिरवा झाला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग गल्लीपलीकडून, अंगणातून, एक टाळी आली. एकच. शंभर बायकांची आणि एकशेचाळीस गावांची मिळून एक, अशी की न्हाणीघराच्या पत्र्यावरची चिमणी उडाली. मग दुसरी. मग गाण्यानं वेग धरला. हौसाक्का ओलं पोतं हातात घेऊन भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या नकळत त्यांचा पाय ठेका धरत होता.

त्या परतल्या तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या चौकटी एकदम वाकत होत्या आणि एकदम उठत होत्या. कोपऱ्यात प्रमुखाचं नाव सरकत होतं. डेअरीची भिंत, मग कुठलं तरी अंगणवाडीचं छप्पर, मग एका न्हाव्याच्या दुकानाची पाठ. कुणीतरी हौसाक्कांना फेरात ओढलं. त्यांनी पोतं कमरेला खोचलं आणि दोन फुगड्या घातल्या. तिसरीला शहाजीनं "आई, गुडघा!" म्हणून ओरडा केला तेव्हा थांबल्या.

*

पाचचा ठोका पडला. बायका करंज्या खात होत्या. हौसाक्का व्हरांड्यात आल्या. खुर्चीशेजारी ऋतुजा उभी होती.

"जिंकलीस," हौसाक्का म्हणाल्या. "पण मला एक सांगायचंय. ती पाटी..."

"तिचं तापमान एकतीस होतं, आत्याबाई. बाकीच्या सगळ्या अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं सगळं." तिनं सासूच्या कमरेच्या पोत्याकडं बघितलं. "गोणपाट का?"

हौसाक्कांचे डोळे मोठे झाले. "तुला ठाऊक होतं? कधीपासनं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि पाच दिवस तू गप बसलीस?"

"हात लावायचा नाही असा तुमचाच शब्द होता. आणि मी नुसतं बोलले असते, तर तुम्ही दुसरं पोतं घातलं असतं."

हे खरं होतं, म्हणून हौसाक्का जास्तच चिडल्या. दस्तगीर करंजी तोंडात धरून भिंतीकडं बघत होता.

"खरं सांगू का?" ऋतुजा म्हणाली. "चूक माझी होती. तापली की पद सोड, एवढंच मी पाट्यांना शिकवलं. कुणी तापूच दिलं नाही तर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार वर्षांत कुणाच्याच आलं नाही. आता वेळही घालून देणार. गार असो की गरम, तीन तास झाले की उठायचं. दुरुस्तीतल्या पोरींनी नियमाचं नावसुद्धा ठेवलंय. ओलं पोतं."

"माझ्या पोत्याचं नाव? यंत्रात?"

"एकशेचाळीस गावांत."

हौसाक्कांना हसू आवरेना, आणि ते सुनेला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवून खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली. चांगली घासून झटकली. शहाजीनं कागद पुढं केला. त्यांनी एक एक अक्षर कोरत सही केली. पाच नावांच्या यादीत पहिल्या पाळीची जागा कोरी होती.

"पहिली पाळी तुमची, आत्याबाई," ऋतुजा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी तसं ठरवलंय."

अंगणातल्या बायका करंज्या हातात धरून व्हरांड्याकडं सरकल्या. हौसाक्कांनी कमरेचं पोतं काढलं, हातात धरलं आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"ठरवणाऱ्या तुम्ही कोण? आता माझं ऐक. सासूची खुर्ची उन्हात काढणारी सून वाईटच. सासूचं पोतं पाच दिवस बघून पोटात ठेवणारी त्याहून वाईट. इतकी आगाऊ, इतकी पोचलेली बाई या घरात माझ्यानंतर दुसरी आली न्हाई. तवा पयली पाळी तुझी. बस त्या खुर्चीवर. अशी न्हवं, पाठ टेकून बस, तुझ्या सासऱ्याची खुर्ची हाय ती. सहा महिने मी मागं उभी राहून टाळी देते. पण सातव्या महिन्यात आपण होऊन उठली न्हाईस ना ऋतुजा, तर हेच पोतं भिजवून तुझ्या डोक्यावर घालीन, आणि ते काय तुला गार ठेवायला न्हवं!"